कस्टम व्ह्यूच्या ॲट्रिब्यूटची डीफॉल्ट व्हॅल्यू (अँड्रॉइड)

अँड्रॉइड ॲपमध्ये स्वतः घडवलेल्या व्ह्यूला (पडद्यावरच्या घटकाला) स्वतःचे ॲट्रिब्यूट, म्हणजे गुणधर्म, देता येतात. उदाहरणार्थ, गोल प्रोग्रेसबारच्या कड्याची जाडी. लेआउटमध्ये (पडद्याची मांडणी लिहिलेल्या फाइलमध्ये) ती लिहिलीच नाही तर जी धरली जाते ती डीफॉल्ट व्हॅल्यू.

असे ॲट्रिब्यूट बहुधा ‘ॲटर्स’ नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये घोषित करतात. नवखा प्रोग्रामर डीफॉल्टही तिथेच शोधतो, पण तिथे फक्त नाव आणि प्रकार लिहायची सोय आहे. व्हॅल्यू ठरते ती व्ह्यूच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (व्ह्यू तयार करणाऱ्या कोडमध्ये), ‘ऑब्टेनस्टाइल्डॲट्रिब्यूट्स’ या फंक्शनमधून. ते आधी लेआउटमधला ॲट्रिब्यूट पाहते, मग त्याच टॅगवर लावलेली स्टाइल (ॲट्रिब्यूटच्या व्हॅल्यूंचा संच), मग ‘डेफस्टाइलॲटर’ म्हणजे थीमने (ॲपच्या एकूण रूपाने) नेमून दिलेली स्टाइल. थीमने ती नेमलेली नसेल तरच ‘डेफस्टाइलरेस’ ही व्ह्यूची राखीव स्टाइल वापरली जाते. दोन्ही स्टाइलची बेरीज होत नाही: थीमच्या स्टाइलमध्ये जाडी राहून गेली, तरी राखीव स्टाइलमधली जाडी उचलली जात नाही. इथे भलेभले फसतात. शेवटी थीममध्ये थेट लिहिलेली व्हॅल्यू, आणि तीही नसेल तर ‘गेटडायमेन्शन’सारख्या फंक्शनला दिलेला शेवटचा आकडा.

हा आकडा पिक्सेलमध्ये असतो, डीपीमध्ये (पडद्याच्या घनतेनुसार जुळवून घेणाऱ्या मापात) नव्हे. कड्यासाठी नुसते ४ लिहिले, तर ४८० डीपीआयच्या पडद्यावर, जिथे १ डीपी म्हणजे ३ पिक्सेल, कडे जेमतेम १.३ डीपीचे, दोऱ्यासारखे दिसते. म्हणून ४ डीपी ही व्हॅल्यू रिसोर्समध्ये ठेवून तिथून वाचणे बरे.

कॉटलिन भाषेत ‘जेव्हीएमओव्हरलोड्स’ ही खूण (पॅरामीटरच्या डीफॉल्टवरून कन्स्ट्रक्टरची वेगवेगळी रूपे बनवणारी) लावून सगळे कन्स्ट्रक्टर एका ओळीत उरकण्याची सवय आहे. थेट ‘व्ह्यू’वरून बनवलेल्या क्लासला ती सहसा बाधत नाही. मात्र ‘एडिटटेक्स्ट’ या मजकूर टाइप करायच्या चौकटीवरून बनवलेल्या क्लासमध्ये डेफस्टाइलॲटरला डीफॉल्ट म्हणून शून्य दिले, की थीमची स्टाइल गळून पडते. खालची रेघ जाते, आणि बोट लावले तरी फोकस येत नाही, कारण फोकस घेण्याची परवानगीही त्या स्टाइलमध्येच असते. शून्याऐवजी ‘एडिटटेक्स्टस्टाइल’ दिली की दोन्ही परत येतात.

चार पॅरामीटरचा व्ह्यू कन्स्ट्रक्टर २०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये (एपीआय २१) आला. ऑब्टेनस्टाइल्डॲट्रिब्यूट्सचे चार पॅरामीटरचे रूप मात्र पहिल्यापासून आहे. त्यामुळे स्वतःच्या ॲट्रिब्यूटसाठी राखीव स्टाइल त्याआधीही देता येत होती. वाचून झाले की ‘टाइप्डॲरे’ (या फंक्शनने परत दिलेला व्हॅल्यूंचा संच) रीसायकल करावा लागतो.