कंड्युट वाकवण्याआधी: बेंडरविषयी आमच्या ग्राहकांसाठी

कंड्युट, म्हणजे विजेच्या वायर ज्यातून नेतात तो पाइप, वाकवायला बेंडर लागतो. बेंडर घ्यायला आलेला माणूस आधी हँडल हातात धरून वजन बघतो. हँडल म्हणजे नुसता दांडा आहे, खरं काम करतो तो खालचा शू, म्हणजे ज्याच्या खाचेत पाइप बसतो तो गोलाईचा भाग. म्हणून बेंडर उलटा करून आधी शूची खाच बघावी.

पाइप वाकतो तेव्हा बाहेरच्या अंगाचा पत्रा ताणला जातो आणि आतल्या अंगाचा दाबला जातो. कडेने आधार नसेल तर गोल पाइप आधी लंबगोल होतो, मग चपटा होतो आणि आतून सुरकुत्या पडतात. अशा बेंडमधून वायर ओढताना ती अडकते किंवा तिचं इन्सुलेशन सोलवटतं. शूची खाच पाइप दोन्ही कडांनी धरून ठेवते, त्यामुळे त्याला फुगायला जागाच मिळत नाही. मात्र त्यासाठी खाच आणि पाइप यांचं माप तंतोतंत जुळायला हवं.

गोंधळ इथेच होतो. ‘अर्धा इंच’ हे नुसतं नावाचं माप आहे. अर्ध्या इंची पातळ भिंतीच्या ईएमटी पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे 17.9 मिमी असतो, तर अर्ध्या इंची जाड रिजिड पाइपचा 21.3 मिमी. म्हणून अर्धा इंच रिजिड पाइप पाऊण इंची ईएमटीच्या शूमध्ये वाकवतात, आणि चांगल्या शूवर दोन्ही नावं कोरलेली असतात. मिलिमीटरमधल्या कंड्युटचं माप थेट बाहेरच्या व्यासाचं असतं. 20 मिमीचा पाइप पाऊण इंची ईएमटीच्या शूमध्ये आरामात बसतो, पण पाऊण इंची ईएमटी बाहेरून 23.4 मिमी असतो, म्हणजे तो ‘आराम’ सुमारे साडेतीन मिलिमीटरच्या फटीचा आहे. तिथे पाइप हमखास चपटा होतो. बेंडर घ्यायला येताना तुमच्या पाइपचा वीतभर तुकडा सोबत आणा. कॅलिपर लावून मगच बेंडर देऊ.

हिकी नावाचा आखूड शूचा प्रकारही मिळतो. तो जाड रिजिड पाइपसाठी आहे. थोडं वाकवायचं, पुढे सरकवायचं, पुन्हा थोडं वाकवायचं, असं करत गोलाई आपल्यालाच घडवावी लागते. पातळ ईएमटी त्यात घातला तर तो जागीच मुडपतो. पीव्हीसी (प्लास्टिक) पाइप वाकवताना आत घालायची स्प्रिंग धातूच्या पाइपमध्ये घालूच नका.

जोर पायाचा

बेंड बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे नुसत्या हातांनी दांडा ओढणं. त्याने पाइप खाचेतून उचलला जातो आणि शूच्या आधाराशिवाय, पाइप पकडणाऱ्या हुकाजवळ वाकतो. पाइप सपाट, न घसरणाऱ्या जमिनीवर ठेवा, शूच्या टाचेवर पाय रोवून शरीराचा भार द्या आणि दांडा फक्त दिशा देण्यापुरता वापरा. दांड्यावर लांब नळी चढवून जोर वाढवणं टाळा, त्याने हुक तुटतो. धातू थोडा मागे येतोच, म्हणून खुणेच्या किंचित पुढे जाऊन सोडा आणि गोनिया लावून तपासा.

टेक-अप: प्रत्येक बेंडरचा स्वतःचा आकडा

काटकोन नेमक्या उंचीवर यायचा असेल तर त्या उंचीतून टेक-अप, म्हणजे बेंडच्या गोलाईसाठी वजा करायचं ठरावीक माप, वजा करून खूण करायची आणि शूवरचा बाण त्या खुणेवर ठेवायचा. अर्धा इंच ईएमटीच्या बहुतेक हँड बेंडरचा टेक-अप 5 इंच असतो, पाऊण इंचाचा 6 आणि एक इंचाचा 8. उदाहरणार्थ, अर्ध्या इंची पाइपचं टोक 12 इंचांवर उभं राहायला हवं असेल, तर टोकापासून 7 इंचांवर खूण करा.

तरी आकडा पाठ करू नका, मोजून घ्या. टाकाऊ तुकड्यावर एक खूण करा, बाण लावून 90 अंशांचा बेंड काढा आणि पाइपच्या पाठीपासून टोकापर्यंतची उंची मोजा. त्यातून खूण ते टोक हे अंतर वजा केलं की तुमच्या बेंडरचा टेक-अप मिळतो. तो मार्करने दांड्यावर लिहून ठेवा.

ऑफसेटला, म्हणजे अडथळा चुकवण्यासाठी एकामागोमाग दिलेल्या दोन उलट बेंडना, कोनाचा गुणक लागतो. 30 अंशांसाठी तो 2 आहे, 45 साठी 1.4, 22.5 साठी 2.6. 100 मिमीचा ऑफसेट 30 अंशांत काढायचा तर दोन खुणांमध्ये 200 मिमी ठेवा. यात पाइप सुमारे 27 मिमीने आखूड पडतो, तेवढी लांबी आधीच जास्त धरा. आमचा सल्ला 30 चाच, हिशेब तोंडी होतो आणि वायरही सहज जाते. दुसरा बेंड देण्याआधी पाइप बरोबर अर्धा फिरला आहे ना, हे एक डोळा मिटून पाइपच्या रेषेत बघा. तो जरा जरी तिरका फिरला तरी दोन्ही बेंड एका पातळीत येत नाहीत, आणि भिंतीवर लावल्यावर ते लांबूनही दिसतं.

वायरच्या एका ओढीत किती वळणं द्यायची? अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडप्रमाणे दोन ओढ-बॉक्सच्या (वायर ओढण्यासाठी ठेवलेल्या बॉक्सच्या) मध्ये सगळे बेंड मिळून 360 अंशांपेक्षा जास्त नकोत, म्हणजे चार काटकोन, आणि ऑफसेटचे अंशही त्यात मोजायचे. प्रत्येक वळणावर घर्षण वाढत जातं. आम्ही तर तीन काटकोनांनंतरच बॉक्स सुचवतो. वायर घातलेला पाइप मात्र कधीही वाकवू नका.

मोठं काम असेल तर

रोज बरेच बेंड काढायचे असतील तर तिकाटण्यावरचा स्टँड बेंडर घ्या. त्यात मापाप्रमाणे फॉर्मर (ज्याभोवती पाइप वाकतो तो गोल साचा) आणि गाइड (पाइपला बाहेरून आधार देणारा भाग) बदलता येतात. रोलरचा दाब नीट लावावा लागतो. तो सैल राहिला तर आतल्या अंगाला लाटा पडतात, जास्त कसला तर पाइप दबून अरुंद होतो. दोन इंची रिजिड आणि त्यापुढच्या मापांना हायड्रॉलिक बेंडरच बरा.

बेंडरची निगा फारशी नाही. खाचेत जस्ताचा चुरा किंवा वाळू साचली की तिचे ओरखडे पाइपवर उठतात, म्हणून काम झाल्यावर खाच फडक्याने पुसा. ॲल्युमिनियमचा शू उंचावरून पडला असेल तर हुकाच्या मुळाशी केसासारखी चीर आहे का ते बघा. चीर दिसली तर वेल्डिंग करून वापरू नका, शू बदलून घ्या.