सेवा नोंदीत राहून गेलेली पदकं कशी लावून घ्यायची: माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी

पेन्शन वेळेवर येते, ओळखपत्र आहे, कॅन्टीन कार्ड आहे. पण डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या नोंदपुस्तिकेत, पदकांच्या जागी एखाददुसरंच नाव. माणूस मात्र १९७१ ला सीमेवर होता, पुढे सियाचेनची पाळी करून आला, वीस वर्षांहून जास्त वर्दीत राहिला. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात अशी डिस्चार्ज बुकं शोधायला गेलं तर गावोगाव सापडतील. "जाऊ द्या, आता या वयात पदक घेऊन काय करायचं" असं म्हणून बहुतेक जण विषय सोडून देतात. तो सोडू नये असं मला मनापासून वाटतं. इथे कुणाची मेहेरबानी मागायची नाही, केलेल्या नोकरीची नोंद पुरी करून घ्यायची आहे.

म्हणूनच अर्जाची मागणी नीट शब्दांत मांडायला हवी. "माझी पदकं मिळाली नाहीत, पाठवावीत" असं पत्र गेलं की रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे सेवेच्या नोंदी सांभाळणाऱ्या लष्करी कार्यालयात, शीट रोल (जवानाच्या सेवेचा मूळ नोंदपट) काढला जातो, त्यात पदकाची नोंद सापडत नाही आणि "उपलब्ध नोंदीनुसार पात्रता आढळत नाही" असं दोन ओळींचं उत्तर येतं. उत्तर देणाऱ्याच्या हातात जो कागद आहे त्याप्रमाणे ते बरोबरच असतं. आधी मागायची ती नोंद. कोणत्या काळात, कोणत्या पलटणीबरोबर, कुठे होतो, त्यावरून कोणतं पदक लागू होतं आणि ते नोंदीत का दिसत नाही, एवढं तपासून नोंद लावावी, अशी मागणी करायची. नोंद लागली की पदक हक्काने मागता येतं.

नोंद राहून जाते ती कुठे

मोहिमेच्या पदकासाठी पात्र जवानांची यादी युनिट करतं. त्यावरून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या सेवेतली बाब नोंदवणारा लेखी आदेश, निघतो आणि त्या आदेशावरून रेकॉर्ड ऑफिसात जवानाच्या शीट रोलवर पदक चढतं. यातली एक कडी निसटली की पुढचं सगळं अडतं. यादी तयार होत असताना जवान हॉस्पिटलात असेल, कोर्सला गेला असेल, दुसऱ्या युनिटला अटॅच असेल किंवा त्याची बदली झाली असेल, तर नाव राहून जातं. युद्धाची पदकं तर युद्ध संपल्यावर जाहीर होतात, याद्या त्याच्याही नंतर बनतात. तोवर पेन्शनवर गेलेल्यांची आठवण कुणी करून द्यायची? अटॅचमेंटवर गेलेल्यांचे सर्वात जास्त हाल होतात, कारण मूळ युनिटला वाटतं तिकडचे नाव घालतील आणि तिकडच्यांना वाटतं हा आपल्या हजेरीवरच नाही.

दुसरा प्रकार सोपा आहे. नोंद आहे, आदेश निघालेला आहे, फक्त प्रत्यक्ष पदक हातात आलेलं नाही. अनेकांनी मग बाजारातून प्रतिकृती घेऊन छातीवर लावली. त्यात त्यांचा काही दोष नाही, पण बाजारातलं पदक हा पुरावा धरला जात नाही. आपलं प्रकरण या दोन्हींतलं कोणतं, हे पहिल्यांदा ठरवा.

कोणती पदकं मागता येतात

सेवेची आणि मोहिमेची पदकं ठरावीक अटी पूर्ण झाल्या की लागू होतात, त्यांना कुणाच्या शिफारशीची गरज नसते. ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची दीर्घ सेवा पदकं घ्या. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक १५ ऑगस्ट १९७२ ला आणि पन्नासाव्या वर्षाचं १५ ऑगस्ट १९९७ ला सेवेत असलेल्यांना. भरती आणि डिस्चार्जच्या तारखा हाच इथे मुख्य पुरावा, आणि तो डिस्चार्ज बुकातच असतो. अशी पदकं राहिली असतील तर फारसा वाद होत नाही.

मोहिमेच्या पदकांना ठिकाण आणि काळ दोन्ही सिद्ध करावे लागतात. १९७१ साठी पूर्व आघाडीला पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीला पश्चिमी स्टार, आणि त्याखेरीज संग्राम मेडल. संग्राम मेडलचा काळ ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ असा आहे, तोही सीमेवरच्या ठरावीक राज्यांतल्या सेवेसाठी. लढाई दोन आठवड्यांत संपली, पण हा काळ वर्षभराहून मोठा आहे. युद्ध थांबल्यावर सीमेवर पोहोचलेले कितीतरी जवान "आम्ही लढाईत नव्हतो" म्हणून मागतच नाहीत. त्यांनी जरूर तपासून घ्यावं.

नावांच्या सारखेपणातूनही एक घोटाळा होतो. गोवा मुक्तीची १९६१ ची कारवाई 'ऑपरेशन विजय' होती आणि १९९९ ची कारगिलचीही 'ऑपरेशन विजय'च. 'ओपी विजय' नावाचा स्टार आणि मेडल ही दोन्ही कारगिलची. गोव्यात गेलेल्या जुन्या जवानांना किंवा त्यांच्या वारसांना मागायचं आहे ते जनरल सर्व्हिस मेडल १९४७, 'गोवा १९६१' या क्लास्पसह, म्हणजे पदकाच्या फितीवरच्या नावाच्या पट्टीसह. चुकीच्या नावाने अर्ज केला की नकार ठरलेला. जनरल सर्व्हिस मेडल आणि सैन्य सेवा मेडल यांच्या बाबतीत तर क्लास्पचं नाव लिहिल्याशिवाय अर्ज अर्धवटच राहतो, कारण पदक एकच असतं आणि कुठली सेवा ते क्लास्पवरून कळतं.

जखमी झालेल्यांसाठी पराक्रम पदक म्हणजेच वूंड मेडल आहे. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखम झालेली असली पाहिजे. जखमी जवान युनिटमधून थेट हॉस्पिटलात गेल्यामुळे हे पदक राहण्याची शक्यता मोठी. इथे हॉस्पिटलचे कागद आणि बॅटल कॅज्युअल्टीचा, म्हणजे युद्धात जखमी झाल्याचा, पार्ट टू ऑर्डर शोधा. ती नोंद युद्धजखमेच्या पेन्शनसाठीही कामाची असते.

शौर्य पदकांची वाट निराळी आहे. ती स्वतः अर्ज करून मिळत नाहीत. शिफारस वरिष्ठांकडून जाते आणि नाव भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतं. राजपत्रात नाव आहे पण सेवा नोंदीत किंवा पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) नाही, असं असेल तर राजपत्राची प्रत जोडून अर्ज करा आणि हे काम मागे ठेवू नका, कारण इथे पैशाचाही प्रश्न आहे. परमवीर चक्रापासून शौर्यासाठीच्या सेना मेडलपर्यंत मासिक भत्ता लागू आहे. १ ऑगस्ट २०१७ पासूनच्या दरांनी परमवीर चक्राला २०,००० रुपये, वीर चक्राला ७,००० रुपये आणि शौर्याच्या सेना मेडलला २,००० रुपये. सेना मेडल विशिष्ट सेवेसाठीही दिलं जातं आणि त्याला हा भत्ता नाही. म्हणून नोंदीत नुसतं 'सेना मेडल' लिहिलं असेल तर ते शौर्यासाठीचं असल्याचं स्पष्ट लिहून घ्या. सेवा आणि मोहिमेच्या पदकांना मात्र मासिक पैसे नाहीत. कुणी पैशाची आशा दाखवून फी मागत असेल तर त्याच्या नादी लागू नका. रेकॉर्ड ऑफिसकडे हा अर्ज करायला एजंट लागत नाही.

अर्ज कुठे जातो

जवान आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) यांच्या नोंदी त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीची अहिल्यानगरला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं कामठीला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (लष्कराची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचं) सिकंदराबादला. नौदलाच्या खलाशांसाठी मुंबईत मानखुर्दचं ब्युरो ऑफ सेलर्स, हवाई दलाच्या एअरमनसाठी दिल्लीत सुब्रतो पार्कचं एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस. अधिकाऱ्यांच्या नोंदी दिल्लीतल्या मुख्यालयाकडे. डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) दुसरी नोकरी केली असेल तर दोन्ही नोकऱ्यांचे नंबर आणि तारखा लिहा.

रेकॉर्ड ऑफिसला मराठी अर्ज पाठवू नका. हिंदी किंवा इंग्रजीतच लिहा. लिहून देणारं घरात कुणी नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. कल्याण संघटक अर्ज लिहायला मदत करतात आणि कार्यालयाच्या पत्रासोबत तो पुढेही पाठवतात. त्या पत्राचा जावक क्रमांक मात्र लगेच टिपून घ्या. स्वतः पाठवत असाल तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

अर्जात काय लिहायचं, सोबत काय जोडायचं

आर्मी नंबर सर्वात महत्त्वाचा, शेवटच्या इंग्रजी अक्षरासह. जेसीओ झाल्यावर नंबर बदलतो, म्हणून जुना आणि नवा दोन्ही द्या. नाव डिस्चार्ज बुकात आहे तसंच लिहा, आधार कार्डावरचं वेगळं असेल तरीही. फरक असल्यास एका ओळीत तसं सांगा. मग हुद्दा, ट्रेड, भरती आणि डिस्चार्जची तारीख, ज्या ज्या युनिटमध्ये काम केलं त्यांची नावं आणि काळ. त्यानंतर दोन वेगळे परिच्छेद करा. एकात नोंदीत असलेली पदकं, दुसऱ्यात राहून गेलेली, आणि प्रत्येक राहिलेल्या पदकापुढे ठिकाण, युनिट आणि महिना-वर्ष. शेवटी तीन मागण्या: नोंद तपासून पार्ट टू ऑर्डर काढावा, डिस्चार्ज बुकात पदकाची नोंद करावी, पदक पाठवावं. पात्रता नाही असं ठरत असेल तर कोणत्या अटीमुळे ते लेखी कळवावं, हेही लिहाच. कारण कळलं तरच पुढे काय करायचं ते ठरवता येतं.

सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स, पीपीओ, माजी सैनिक ओळखपत्र, आधार आणि हाताशी असलेला पुरावा. मूळ डिस्चार्ज बुक पोस्टाने पाठवू नका. नोंद चढवण्यासाठी मूळ बुक लेखी मागवलं तरच द्या आणि देताना पोच घ्या. प्रतिज्ञापत्रावरही आधीच खर्च करू नका, मागितलं तर करा.

पुरावा सापडत नाही तेव्हा

पत्र्याची ट्रंक उघडा. रजेचा पास, मूव्हमेंट ऑर्डर, हॉस्पिटलची चिठ्ठी, कंपनीचा ग्रुप फोटो, पलटणीच्या कार्यक्रमाची पत्रिका, यातलं काहीही उपयोगी पडू शकतं. त्यातही घरी आलेली जुनी पत्रं नीट पाहा. पत्ता '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' असा लष्करी टपालाचा एवढाच असतो, त्यावरून ठिकाण कळत नाही. पण तिकिटाजवळच्या गोल शिक्क्यात एफपीओ म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असतो, आणि तारीखही. ते पोस्ट ऑफिस त्या तारखेला कोणत्या फॉर्मेशनबरोबर (ब्रिगेड, डिव्हिजन अशा मोठ्या तुकडीबरोबर) होतं हे लष्कराला पडताळता येतं. आजीने जपलेलं एक आंतर्देशीय पत्र त्यामुळे अर्जाला मोठा आधार देऊ शकतं. शिक्का वाचता येईल असा मोठा करून झेरॉक्स काढा.

त्याच तुकडीत असलेल्या दुसऱ्या माजी सैनिकाच्या डिस्चार्ज बुकात ते पदक असेल, तर त्याच्या संमतीने त्या पानाची प्रत आणि त्याचं लेखी निवेदन जोडा. दोघं एकाच कंपनीत, एकाच काळात होते हे दाखवता आलं तर प्रकरण बरंच हलतं.

पेन्शन न घेता बाहेर पडलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अशा जवानांची सेवा कागदपत्रं डिस्चार्जनंतर २५ वर्षांनी नष्ट केली जातात. कायम जपला जातो तो लाँग रोल, म्हणजे जवानांच्या सेवेची थोडक्यात नोंद असलेली वही. "कागदपत्रं नष्ट झाली आहेत" असं उत्तर आलं तर लाँग रोलचा उतारा मागा आणि घरचे पुरावे पुढे करा.

जवान हयात नसेल तर

पत्नी अर्ज करू शकते. मृत्यूचा दाखला, कुटुंब निवृत्तिवेतनाची पीपीओ, स्वतःचं ओळखपत्र आणि नातं दाखवणारा कागद जोडायचा. पत्नीही नसेल तर मुलांनी वारस असल्याचा पुरावा द्यायचा, आणि भावंडं असतील तर पदक कुणाच्या ताब्यात द्यावं याबद्दल सगळ्यांच्या सहीचं संमतिपत्र आधीच जोडलेलं बरं. गावाकडे पत्नीचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असतं. सेवा नोंदीत तिचं जे नाव आहे तेच अर्जात वापरा.

उत्तर आलं नाही, किंवा नकार आला

दोन-तीन महिने वाट पाहून स्मरणपत्र पाठवा, पहिल्या अर्जाची प्रत आणि पोस्टाची पावती जोडून. त्यानंतर माहितीचा अधिकार वापरा. १० रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. रेकॉर्ड ऑफिसच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा. "पदक का दिलं नाही" असं विचारू नका, कारण हा कायदा कागद मागण्याचा आहे. शीट रोलच्या प्रमाणित प्रती, ठरावीक काळातले आपल्या नावाचे पार्ट टू ऑर्डर, आणि आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली त्याच्या टिपणीची प्रत मागा. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. पत्नीने अर्ज केला असेल तर नात्याचा पुरावा इथेही जोडा, नाहीतर 'त्रयस्थाची खासगी माहिती' म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. हे कागद हातात आले की कडी नेमकी कुठे निसटली ते दिसतं, आणि पुढचा अर्ज नेमक्या आदेशाचा हवाला देऊन करता येतो.

लेखी नकार आला आणि तो पटत नसेल तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचं एक खंडपीठ मुंबईत बसतं. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. निवेदन देऊन सहा महिने उत्तरच आलं नाही तरीही तिथे जाता येतं. उशीर झाला असेल तर कारण देऊन माफीची विनंती करावी लागते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे माजी सैनिकाच्या पत्नीला मोफत वकील मिळू शकतो.

नोंद लागल्याचं पत्र आलं की त्यातला पार्ट टू ऑर्डरचा नंबर, पदकाचं नाव, क्लास्प आणि आपल्या नावाचं स्पेलिंग तिथल्या तिथे तपासा. डिस्चार्ज बुकात नोंद चढवली असेल तर तिच्याखाली सही, शिक्का आणि तारीख आहे ना ते पाहा. शौर्य पदक असेल तर रेकॉर्ड ऑफिसने ते प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला कळवलं का, ते विचारून त्या पत्राची प्रत मागा, कारण भत्ता त्यावरच सुरू होतो. सगळ्याची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देऊन तिथल्या नोंदीतही पदक लिहून घ्या.