पंचवीस डिसेंबरचा सूर्य

इसवी सन ३५४ मध्ये रोममधल्या व्हॅलेंटिनस नावाच्या एका ख्रिस्ती गृहस्थासाठी फिलोकॅलस या सुलेखनकाराने एक सचित्र पंचांग तयार केले. मूळ प्रत कधीच हरवली. नकलांच्या नकला तेवढ्या उरल्या आहेत. त्यात रोमच्या सार्वजनिक सणांची एक यादी आहे आणि २५ डिसेंबरपुढे नोंद आहे: ‘अजिंक्याचा जन्मदिन, शर्यती तीस’. शर्यती रथांच्या आणि अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, ‘सोल इन्व्हिक्टस’. याच पंचांगात पुढे ख्रिस्ती हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची वेगळी यादी येते. तिची सुरुवातही त्याच तारखेने होते. तिथे लिहिले आहे, यहुदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्ताचा जन्म.

एकाच पंचांगात, एकाच तारखेला दोन जन्मदिन. नाताळाची मुळे ख्रिस्तपूर्व बहुदेवपूजक धर्मांत, म्हणजे ज्याला ‘पेगन’ म्हणतात त्या जगात आहेत, या म्हणण्याला याहून ठोस कागद नाही. पण म्हणून ‘चर्चने सूर्याचा सण पळवला’ असे दर डिसेंबरात सांगितले जाते, ते या कागदावरून सिद्ध होत नाही.

जरा तारखा बघू. सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोममध्ये अजिंक्य सूर्याचे भव्य मंदिर उभारले. त्याने २५ डिसेंबरचा उत्सव सुरू केला असे सर्रास लिहिले जाते, पण त्याच्या काळच्या कोणत्याही लेखात ही तारीख सापडत नाही. सूर्याच्या जन्मदिनाची स्पष्ट नोंद येते ती थेट ३५४ च्या या पंचांगात. हुतात्म्यांची यादी मात्र अभ्यासकांच्या मते ३३६ च्या सुमारास तयार झालेली असावी, म्हणजे हाती असलेल्या पुराव्यात ख्रिस्तजन्माची नोंदच कदाचित थोडी जुनी ठरते. कोणी कोणाकडून घेतले, हे ठरवायला एवढा पुरावा पुरत नाही.

दुसरी एक उपपत्ती चर्चच्या स्वतःच्या गणितातून येते. कार्थेजचा लेखक टर्टुलियन इसवी सन २०० च्या आसपास सांगतो की येशूला क्रुसावर चढवले ती तारीख २५ मार्च. पुढे पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन लिहितो की येशू आईच्या उदरात आला तोही २५ मार्चलाच. त्यात नऊ महिने मिळवा, २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांत ६ एप्रिल ही तारीख धरली जाई. तिथून नऊ महिन्यांनी ६ जानेवारी येते, आणि आर्मेनियन चर्च आजही येशूचा जन्म ६ जानेवारीलाच साजरा करते. मला हे गणित पटण्यासारखे वाटते. पण त्याने सूर्य बाजूला पडत नाही. रोमनांच्या जुन्या परंपरेत २५ मार्च हा वसंतातला विषुवदिन, म्हणजे दिवस-रात्र सारखी असण्याचा दिवस होता आणि २५ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस. नऊ महिने मोजणाऱ्यांच्या हातातले पंचांग आधीच सूर्याच्या चालीवर बेतलेले होते.

आता या सूर्याकडेच वळू. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे, म्हणून डिसेंबरात उत्तर गोलार्धात सूर्य आकाशात सर्वांत खाली राहतो. दक्षिणायन संपते त्या सुमारास त्याची चाल इतकी मंदावते की अयनदिनानंतर, म्हणजे त्या सर्वांत लहान दिवसानंतर, चार दिवसांनीही तो जेमतेम आपल्या बिंबाच्या दहाव्या भागाइतका वर आलेला असतो. तो ‘परतला’ हे साध्या डोळ्यांना लगेच कळत नाही, त्यामुळे सण दोन-चार दिवस इकडेतिकडे झाला तरी कोणाचे बिघडत नसे. आणि तो खरोखरच सरकत होता. ज्युलियस सीझरच्या पंचांगाने वर्ष ३६५.२५ दिवसांचे धरले, खरे वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे. फरक सुमारे अकरा मिनिटांचा, पण दर १२८ वर्षांनी त्याचा एक पूर्ण दिवस होतो. फिलोकॅलसच्या काळात खरा अयनदिन चारेक दिवस आधीच येऊन जात होता. परंपरेने २५ तारीख धरून ठेवली. ही चूक १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेराव्यांच्या सुधारणेने सावरली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने सणांसाठी जुनेच पंचांग ठेवले, म्हणून तिथला नाताळ आज ७ जानेवारीला पडतो.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल, कारण आपली मकरसंक्रांतही अशीच अयनदिनापासून दूर गेली आहे. कारण मात्र वेगळे. आपले गणित ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर चालते आणि पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलत असल्याने संक्रांत ऋतूंच्या तुलनेत दर ७२ वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे सरकते. सुमारे १७०० वर्षांपूर्वी ती आणि उत्तरायणाचा खरा आरंभ एकाच दिवशी येत असत. रोममध्ये ऑरेलियन सूर्यमंदिर बांधत होता तो साधारण हाच काळ.

तारखेपेक्षा मला चालीरीतींचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो, कारण तिथे सामान्य माणसे दिसतात. रोममध्ये १७ डिसेंबरला सॅटर्नेलिया हा सॅटर्न देवाचा सण सुरू होई आणि पुढे वाढत वाढत तो २३ पर्यंत चाले. मालक गुलामांना जेवायला वाढत, एरवी बंदी असलेला जुगार खुलेआम खेळला जाई, मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या मूर्ती भेट दिल्या जात. कवी कॅटुलसने त्याला दिवसांतला सर्वोत्तम दिवस म्हटले आहे. सॅटर्नेलिया संपतो न संपतो तोच जानेवारीचा नववर्षोत्सव येई. पुन्हा भेटी, पुन्हा मेजवान्या. अशा उत्सवांत दारांना हिरवे डहाळे बांधत, दिवे लावत.

ख्रिस्ती लोक यात होते का? होते, आणि याची साक्ष त्यांच्यावर चिडलेल्या माणसाने दिली आहे. टर्टुलियन तक्रार करतो की आपली माणसे सॅटर्नेलियाला आणि जानेवारीच्या सणाला जातात, भेटी घेतात-देतात. पुढे तर तो म्हणतो की दिवे आणि लॉरेलच्या डहाळ्या मूर्तिपूजकांपेक्षा ख्रिस्ती दारांवरच जास्त दिसतात. पाचव्या शतकाच्या मध्यावर पोप लिओ पहिले भर नाताळच्या प्रवचनात रागावतात: सेंट पीटरच्या पायऱ्या चढून आलेले भाविक आत शिरण्यापूर्वी मागे वळून उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करतात! जी गोष्ट कोणी करतच नाही तिच्याविरुद्ध कोणी एवढे घसा फोडून बोलत नाही. धर्मोपदेशकांचा असा राग हा इतिहासकाराचा सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे.

या सगळ्याच्या खाली आणखी एक थर आहे, तो लिपीच्याही आधीचा. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज या दगडी स्मारकाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३२००. त्याच्या दारावर एक झरोका आहे. अयनदिनाच्या आसपास सूर्योदयाचा किरण त्यातून शिरून १९ मीटर लांबीच्या बोळातून आतल्या दालनापर्यंत जातो आणि सुमारे १७ मिनिटे तिथे थांबतो. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ’केली यांनी १९६७ च्या डिसेंबरात आत उभे राहून हे पाहिले. इंग्लंडमध्ये स्टोनहेंजची मुख्य रेषा एका बाजूने उन्हाळी अयनदिनाच्या सूर्योदयाकडे आणि दुसऱ्या बाजूने हिवाळी अयनदिनाच्या सूर्यास्ताकडे जाते. नुसत्या दगडांवरून लोक तिथे नेमके कधी जमत हे सांगता आले नसते. ते सांगितले डुकरांच्या दातांनी. स्टोनहेंजपासून सुमारे तीन किलोमीटरवर ड्युरिंग्टन वॉल्स इथे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मेजवान्यांची हाडे ढिगांनी सापडली. दातांच्या वाढीवरून बरीच डुकरे सुमारे नऊ महिन्यांची असताना कापलेली दिसतात. डुकरिणी सहसा वसंतात वितात, म्हणजे मेजवानी ऐन हिवाळ्यातली.

दात आणखीही बोलतात. खडकातले स्ट्रॉन्शियम मातीतून वनस्पतीत आणि तिथून जनावराच्या दातांत उतरते, आणि त्याच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे, प्रमाण भूभागानुसार बदलते. ड्युरिंग्टन वॉल्स आणि तशाच आणखी तीन ठिकाणच्या १३१ डुकरांवरचे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. काही जनावरे पार स्कॉटलंड आणि वेल्ससारख्या लांबच्या प्रदेशांत वाढलेली निघाली. डुक्कर हाकत शेकडो किलोमीटर नेणे सोपे नाही. तरीही लोक आपापल्या गावचे जनावर घेऊनच तिथे जात होते. त्यांच्या देवांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत, पण ते एवढ्या लांबून येत होते हे कळले, याचे मला फार अप्रूप वाटते.

काही लोकप्रिय दावे मात्र सोडून द्यावे लागतील. रोमन काळातल्या मिथ्र देवाचा जन्म २५ डिसेंबरचा, याला एकही प्राचीन पुरावा नाही. त्याच्या शिल्पांत तो खडकातून जन्मताना दिसतो, तारीख कुठेच नाही. नाताळात टांगतात ते मिसलटो म्हणजे आपल्या बांडगुळाच्याच जातकुळीतले. प्राचीन केल्ट लोकांचे ड्रुइड पुरोहित ते ओकवरून सोन्याच्या कोयत्याने कापत हे रोमन लेखक प्लिनीने लिहिले आहे, पण ते चंद्राच्या सहाव्या दिवशी; हिवाळ्यातल्या सणाशी तो त्याचा संबंध लावत नाही. ख्रिसमस ट्री तर आणखी अलीकडचा. सोळाव्या शतकात तो जर्मन भाषकांच्या प्रदेशात दिसू लागतो. १६०५ च्या स्ट्रासबुर्गमधल्या वर्णनात घराच्या दिवाणखान्यात उभ्या केलेल्या झाडाला कागदी गुलाब आणि सफरचंदे लावलेली आहेत. २४ डिसेंबर हा आदम आणि हव्वेचा दिवस असल्याने ही सफरचंदे एदेन बागेची, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

‘हा सण मूर्तिपूजकांचा’ हा आक्षेप मोठ्या आवाजात घेतला तो कट्टर ख्रिस्ती प्युरिटन मंडळींनी. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता.

चर्चचे धोरणही एकसारखे नव्हते. ६०१ साली पोप ग्रेगरी पहिले यांनी इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मप्रचारकाला पत्र पाठवले: मंदिरे पाडू नका, मूर्ती तेवढ्या काढा, लोकांना बैल कापायची सवय आहे तर ते आता देवाच्या नावाने मेजवानीसाठी कापू द्या. अकराशे वर्षांनी गोव्यात याच्या नेमके उलट घडले. इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मबाह्य आचार शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, १७३६ मध्ये हुकूमनामा काढून नवख्रिस्ती घरांतली तुळस, लग्नातली गाणी, धोतर-चोळीचा वेष यांवर बंदी घातली. हा हुकूमनामाही टर्टुलियनच्या तक्रारीसारखाच वाचावा लागतो: दोनशे वर्षांच्या धर्मांतरानंतरही घराघरांत काय चालू होते, त्याची ती यादी आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळात आजही पोर्तुगीज वळणाच्या गोड पदार्थांशेजारी नेवऱ्या असतात, ज्या शेजारच्या हिंदू घरात चतुर्थीला होतात.