फ्रिजच्या रबराला बुरा श्रावणातच का येतो?

परवा अंमळनेरहून मावशी आली, पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला आणि दरवाज्याच्या रबराची घडी बोटाने उलगडून म्हणाली, "हाई काय शे?" घडीत काळे ठिपके, खाली कधीतरी सांडलेल्या शेवभाजीचा रस्सा वाळून बसलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण गंमत बघा, मे महिन्यात फ्रिज हाच, रबर हेच, रस्साही बहुतेक तिथेच, तरी एक ठिपका नव्हता. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा हवा पार कोरडी असते आणि ओल नसली की बुरशी उगवत नाही. पावसाळ्यात हवेत वाफ भरपूर, रबर आतल्या गारव्याने थंड, मग गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसाच रबरालाही सुटतो, आणि ते पाणी जाऊन बसतं घडीत, जिथे वारं लागत नाही. बुरशीचे बीजाणू तर हवेत बारा महिने उडतच असतात, त्यांना एवढंच पाहिजे असतं. आणि फ्रिजच्या थंडीत मरत नाही का म्हणाल तर नाही, क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम या बुरशींच्या काही जाती ४ अंशालाही सावकाश वाढतात, रबर तर त्याहून कोमटच असतं.

आपण रबर म्हणतो पण ते बहुतेक मऊ केलेलं पीव्हीसी प्लास्टिक असतं, आत चुंबकाची पट्टी. (पूर्वी चुंबकाऐवजी फ्रिजला बाहेरून कडी असायची, लहान मुलं आत अडकून मरायची, म्हणून अमेरिकेत १९५६ साली दार आतून उघडता आलंच पाहिजे असा कायदा केला.)

आता सफाई. कोरड्या ब्रशने खरवडू नका, बीजाणू उडून भाजीवर बसतात. कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड टाकून फडक्याने आधी तेलकटपणा काढा, मग पांढरं व्हिनेगर लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने घडी घासा, परत ओल्या फडक्याने पुसा. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालून फेस काढतात तो नुसता दिसायला छान, आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात. ब्लीच मात्र व्हिनेगरजवळ अजिबात आणायचं नाही, क्लोरीन वायू निघतो, छातीला बाधतो. एवढं करूनही काळा डाग राहिला तर कधी बुरशी मेलेली असते, रंग तेवढा मुरलेला असतो.

शेवटी कोरडं करायचं, हेच लोक विसरतात. पावसाळ्यात आठ दिवसांनी सुती फडकं बोटाला गुंडाळून घडीतून फिरवलं तरी पुरतं.

आणि दहाची नोट दारात अडकवून ओढून बघा, रबर घट्ट असेल तर ती अडते. सैल जागेतून दमट हवा आत शिरत राहते आणि घाम तिथे जास्त धरतो. आमची नोट तिन्ही बाजूंना अडली, खालच्या कोपऱ्यात मात्र सरकन निघून आली. सगळ्यात जास्त काळं तिथेच होतं.