लॅव्हासिएची पापणी

आमच्या जुन्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो मेसेज परत आला. दर दोन-तीन वर्षांनी येतोच. ऑक्सिजनला नाव देणाऱ्या लॅव्हासिएला गिलोटिनखाली नेलं तेव्हा त्याने मदतनिसाला सांगून ठेवलं होतं म्हणे, की मान तुटल्यावर जमेल तितका वेळ मी पापण्यांची उघडझाप करतो, तू मोजत राहा. मदतनिसाने पंधरा मोजल्या. मरतानाही प्रयोग! खाली हात जोडलेली चार चित्रं आणि रडवेले चेहरे.

मला हसायचा हक्क नाही. नववीला द्रव्य अक्षय्यतेचा नियम शिकवताना ही गोष्ट मी स्वतः कितीतरी वर्षं सांगितली आहे. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा तेवढ्यापुरती जागी व्हायची.

तर, गोष्ट बनावट आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, ८ मे १७९४ रोजी, पॅरिसच्या क्रांती चौकात, म्हणजे आजच्या प्लास द ला काँकॉर्दमध्ये, २८ जणांना एकामागोमाग मारलं गेलं. सगळे राजाच्या वतीने कर वसूल करणारे मक्तेदार. तिसरा नंबर लॅव्हासिएच्या सासऱ्याचा होता, चौथा त्याचा स्वतःचा. डोकं टोपलीत, धड गाडीत, पुढचा फळीवर. या घाईगर्दीत टोपलीत वाकून पापण्या कोण मोजत बसणार? त्या काळातल्या एकाही वर्णनात हा प्रसंग नाही. ‘प्रजासत्ताकाला शास्त्रज्ञांची गरज नाही’ हे न्यायाधीशाच्या तोंडचं प्रसिद्ध वाक्यही मागाहून चिकटवलेलं. जे विश्वासार्ह वाटतं ते गणिती लाग्रांजचं: हे मस्तक उडवायला त्यांना एक क्षण पुरला, तसं दुसरं घडायला शंभर वर्षंही पुरायची नाहीत.

प्रश्न मात्र खराच आहे. तुटलेल्या डोक्याला कळत असतं का, आणि किती वेळ? हा प्रश्न गिलोटिनइतकाच जुना आहे, कारण ‘काही कळणार नाही’ याच आश्वासनावर ते यंत्र आलं होतं.

त्याआधी फ्रान्समध्ये मरणातही पंगती वेगळ्या होत्या. सरदार-दरकदारांना तलवार, सामान्य चोराला दोर, आणि काहींना चाकावर बांधून हाडं मोडणं. ऑक्टोबर १७८९ मध्ये डॉक्टर गिलोतँ यांनी राष्ट्रीय सभेत मागणी केली की गुन्हा सारखा तर शिक्षाही सारखी, आणि ती यंत्राने, विनायातना व्हावी. यंत्र त्यांनी बनवलं नाही. आराखडा शल्यविशारद आंत्वान लुई यांचा, सुतारकाम टोबियास श्मिट नावाच्या जर्मन माणसाचं, ज्याचा धंदा हार्पसिकॉर्ड ही वाद्यं बनवण्याचा. एप्रिल १७९२ मध्ये बिसेत्र इस्पितळात प्रेतांवर चाचणी झाली आणि २५ तारखेला पेलतिए नावाच्या वाटमाऱ्यावर पहिला वापर. (गिलोतँ स्वतः गिलोटिनखाली गेले हाही एक फॉरवर्ड आहे. ते १८१४ मध्ये आजारपणाने वारले.)

पातं तिरकं का, हे मुलं हमखास विचारायची. उत्तर स्वयंपाकघरात आहे. पिकलेला टोमॅटो विळीच्या पात्यावर नुसता दाबून बघा. आधी चेपतो, मग पचकन फुटतो. तोच पात्यावर किंचित सरकवत ओढा, सालीला कळायच्या आत फोड हातात. सरकणारी धार साल बाजूला खेचते, तिथे चीर पडते, आणि एकदा चीर पडली की पुढे फार जोर लागत नाही. तिरकं पातं सरळ खाली पडत असलं तरी मानेवरून ते असंच सरकत जातं. वर जोडलेल्या वजनासकट सुमारे ४० किलोचं पातं सव्वादोन मीटरवरून सोडलं तर खाली पोचायला पाऊण सेकंदही लागत नाही. तेव्हा त्याचा वेग ताशी साधारण २४ किलोमीटर, आणि मान पार करायला सेकंदाचा पन्नासावा भाग. हे गणित पाठ्यपुस्तकातल्या तीन समीकरणांनी सुटतं.

म्हणजे काम झटपट होत होतं, यात वाद नव्हता. वाद पुढचा होता. जुलै १७९३ मध्ये शार्लोत कोर्देचं डोकं उडवल्यावर एका मदतनिसाने ते उचलून गालावर चापट मारली, आणि चेहरा रागाने लाल झाला असं बघणारे सांगू लागले. १७९५ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ स्योमरिंग यांनी लिहिलं की मेंदू शाबूत आहे तोवर जाणीव शाबूत आहे, सबब ही शिक्षा अमानुष आहे. पॅरिसच्या डॉक्टर स्यू यांनी री ओढली. डॉक्टर काबानिस यांनी खोडून काढलं: स्नायू थरथरणं वेगळं, वेदना कळणं वेगळं. तिघांकडेही मोजायला काहीच नव्हतं.

आणि इथे माझ्या आवडीचा भाग सुरू होतो. या प्रश्नाच्या उत्तराची पहिली पायरी खुद्द लॅव्हासिएने बांधून ठेवली होती. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने आणि गणिती लाप्लासने एक गिनी पिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते तोललं, आणि तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणारा कोळसा जाळला तर किती वितळतो त्याच्याशी ताडून पाहिलं. आकडे जवळजवळ जुळले. निष्कर्ष: श्वसन म्हणजे संथ ज्वलन. जगणं म्हणजे ज्योतीशिवाय जळत राहणं, आणि हवा तोडली की विझणं.

आता विचारायचं ते इतकंच: मेंदू किती वेळात विझतो?

आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खातो. त्यासाठी मिनिटाला पाऊण लिटर रक्त डोक्यात चढतं. एवढा खादाड अवयव, पण घरात साठवण नाही. स्नायूंकडे आणि यकृताकडे ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा असतो, मेंदूकडे नावापुरता. सिलिंडरवाल्या घरात गाडी आली नाही तरी आठवडाभर चूल पेटते. मेंदूचं घर पाइपच्या गॅसवर चालतं. पाइप तुटला की बर्नरमध्ये राहिला असेल तेवढाच गॅस.

हा गॅस कुठे खर्च होतो? विचार करण्यात, असं आपल्याला वाटतं. खरं तर बहुतेक खर्च पाणी उपसण्यात होतो. भोकं असलेल्या होडीत बसलोय असं समजा. प्रत्येक चेतापेशीच्या बाहेर सोडियम भरपूर (लिटरला सुमारे १४५ मिलिमोल), आत थोडा. पोटॅशियमचं उलट: आत १४०च्या आसपास, बाहेर जेमतेम ३. दोघेही सतत उताराकडे झिरपतात, कारण पेशीच्या भिंतीला छिद्रं आहेत आणि संदेश पाठवायचा तर ती उघडावीच लागतात. म्हणून भिंतीत बसवलेला पंप अखंड चालू: एटीपीचा (हेच पेशीचं इंधन) एक रेणू मोडायचा, सोडियमचे तीन आयन बाहेर फेकायचे, पोटॅशियमचे दोन आत घ्यायचे. या उपशावरच आत-बाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक टिकतो आणि त्या फरकावर आपलं सगळं बोलणं, आठवणं, दुखणं चालतं. ऑक्सिजन तुटला की एटीपी बनणं मंदावतं, पंप थकतो, होडीत पाणी चढू लागतं.

बुडणं दोन टप्प्यांत होतं, आणि सगळी गंमत (चुकीचा शब्द आहे, पण सुचत नाही) या दोन टप्प्यांत आहे. पहिल्या टप्प्यात पेशी गप्प होतात. एकमेकींना निरोप देणं थांबतं, कारण निरोप महाग असतो. याला काही सेकंद पुरतात. लढाऊ विमानाने जोरात वळण घेतलं आणि डोक्यातलं रक्त पायांकडे ओढलं गेलं की वैमानिकाची शुद्ध काही सेकंदांत हरपते, ती यामुळेच. शुद्ध गेलेली असते, पेशी मात्र जिवंत असतात. रक्त परतलं की माणूस परत. दुसरा टप्पा बराच नंतर येतो. बाहेरचं पोटॅशियम हळूहळू ३ वरून १०च्या आसपास चढतं, आणि मग बांध फुटल्यासारखं एकदम ५०-६० वर उसळतं. शेजारच्या पेशींचा बांध त्याने फुटतो, त्यांच्याने पुढच्यांचा. ७० मिलिव्होल्टचा फरक मेंदूभर जवळपास एकाच वेळी कोसळतो.

हे उंदरांवर मोजलं गेलं आहे. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांना मारण्याची शिरच्छेदाची पद्धत कितपत सुसह्य आहे हे तपासायला डोक्यावर इलेक्ट्रोड बसवून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, घेतला. जाणिवेशी निगडित लहरींची ताकद सुमारे ४ सेकंदांत निम्म्यावर आली आणि पुढे मावळली. मग शांतता. आणि मिनिटभराच्या आसपास त्या सपाट रेषेवर अचानक एक मोठी, संथ लाट. संशोधकांनी तिला ‘मृत्यूची लाट’ म्हटलं आणि वर्तमानपत्रांना मेजवानी मिळाली. आत्मा शरीर सोडतानाचा आलेख इथपर्यंत मजल गेली. त्याच वर्षी ट्वेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर पेशींचं गणिती प्रतिरूप मांडून दाखवलं की वर सांगितलेला बांध पुष्कळ पेशींत एकदम फुटला की नेमकी अशीच लाट उमटते, आणि ती येऊन गेली म्हणजे पेशी मेलीच असंही नाही. आत्म्याला पोटॅशियम लागत असेल तर गोष्ट वेगळी.

उंदरांचे आकडे माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण मेंदूला साठवण नसणं दोघांचं सारखंच. तेव्हा मान तुटल्यावर जाणीव टिकलीच तर मोजकी सेकंदं. तेही त्या घावाचा धक्का हिशोबात न धरता. ठरवून, मोजून पंधरा पापण्या? नाही.

मग बघणाऱ्यांना जे दिसलं ते काय? सर्वांत गाजलेली नोंद डॉ. बोर्यो यांची, जून १९०५, ऑर्लेआं. लांगिय नावाच्या कैद्याचं डोकं पडल्यावर पाच-सहा सेकंद पापण्या-ओठ थरथरले, मग थांबले. डॉक्टरांनी मोठ्याने नाव घेतलं. पापण्या सावकाश उघडल्या, नजर आपल्यावर स्थिरावली, असं ते लिहितात. दुसऱ्या हाकेलाही तसंच. तिसऱ्या हाकेला काही नाही. सगळं मिळून २५ ते ३० सेकंदं. वाचताना अंगावर काटा येतो, नाही म्हणत नाही. पण एकच डोकं, एकच साक्षीदार, तोही अपेक्षा घेऊन वाकलेला. हाक न मारता पापण्या उघडल्या नसत्या कशावरून? ते पडताळायचं तर दुसरं डोकं हवं, गप्प बसून पाहिलेलं.

हालचाल म्हणजे जाणीव नव्हे, हे आपल्या घरातल्या भिंतीवर शिकता येतं. दारात चेंगरलेल्या पालीचं शेपूट मिनिट-दोन मिनिटं वळवळत राहतं, पाल कपाटामागे निघून जाते. वळवळायचा हुकूम शेपटातल्याच चेतापेशी देतात. खाटकाच्या दुकानात मुंडी उडालेली कोंबडी पंख फडफडवते तेही मज्जारज्जूच्या बळावर. (या पालीवरून शकुन काढणारे वेगळेच. अंगावर पडलेल्या पालीला आपलं भविष्य कळतं आणि स्वतःचं शेपूट दारात सापडणार हे कळत नाही?)

नुसत्या डोक्याने जगणं ही कल्पना मात्र माणसाला फार आवडते. आपल्याकडे राहू आहेच. धड नाही, तरी चंद्र-सूर्य गिळतो, आणि त्याच्या भीतीने एकविसाव्या शतकात ग्रहणाच्या वेळी स्वयंपाकावर तुळशीपत्र ठेवलं जातं. उलटी बाजू वीरांच्या कथांची: शिर पडलं तरी धड लढत राहिलं. पुरंदरच्या मुरारबाजींबद्दलही असं सांगतात. १६६५ मध्ये दिलेरखानापुढे ते जे लढले ते डोकं खांद्यावर असताना लढले, आणि मला वाटतं तेच मोठं आहे.

‘काही कळणार नाही’ हे वचन पुढे देशोदेशी फिरलं. गिलोटिन जर्मन राज्यांनी उचललं. स्वीडनने फ्रान्सहून एक मागवलं आणि १९१० मध्ये ते एकदाच वापरलं. अमेरिकेने १८९० मध्ये विजेची खुर्ची आणली. तिच्यावरचा पहिला कैदी केमलर पहिल्या झटक्यानंतर जिवंत असल्याचं दिसलं आणि दुसरा द्यावा लागला. १९२४ मध्ये नेवाडात विषारी वायू, १९८२ मध्ये टेक्सासमध्ये इंजेक्शन, जानेवारी २०२४ मध्ये अलाबामात नायट्रोजन. शुद्ध सेकंदांत जाईल असं राज्याने आधी सांगितलं होतं. साक्षीदारांनी काही मिनिटं चाललेली तडफड पाहिली. आपल्याकडे १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची पद्धत घटनेत बसते म्हटलं, आणि २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने कमी वेदनेच्या पर्यायांबद्दल केंद्राकडे माहिती मागितली. दर वेळी डॉक्टर, इंजिनिअर, रसायनशास्त्रज्ञ यांना विचारलं जातं की कसं मारावं. फ्रान्सने गिलोटिन शेवटचं वापरलं १० सप्टेंबर १९७७ला, मार्सेयमध्ये. म्हणजे आमच्या पिढीच्या शाळेच्या दिवसांत. १९८१ मध्ये तिथली देहान्ताची शिक्षाच रद्द झाली.

लॅव्हासिएच्या शेवटच्या वर्षांतल्या कामाची दोन चित्रं आहेत, त्याची बायको मारी-आन हिने काढलेली. सेगँ नावाचा सहकारी तोंडाला मुखवटा लावून नळीतून श्वास घेतो आहे. एका चित्रात तो स्वस्थ बसलाय, दुसऱ्यात पायाखालचं पेडल दाबतोय. कुणी त्याची नाडी मोजतंय. लॅव्हासिए उभा राहून हातवारे करत सूचना देतोय. आणि कडेला, छोट्या टेबलाशी, तिने स्वतःला काढलंय, आकडे टिपून घेताना.