हरलेल्याला पटेल अशी मोजणी

निवडणुकीवर लोकांचा किती विश्वास आहे, याचं उत्तर आपण कोणाला विचारतो यावर ठरतं. अनेक देशांतल्या पाहण्यांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. यंत्रं तीच, कर्मचारी तेच, आयोगही तोच. पण जिंकलेल्या बाजूच्या मतदारांना मोजणी चोख वाटते आणि हरलेल्यांना तिच्यात काहीतरी काळंबेरं दिसतं. म्हणून निवडणूक यंत्रणेची खरी कसोटी हरलेल्यांपुढे लागते. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हणून तिथे भागत नाही.

बँकेत चूक झाली तर ती पासबुकात दिसते. मत मात्र गुप्त असतं. ते कोणाच्या खात्यात गेलं याची पावती मतदाराला घरी नेता येत नाही, आणि नेता येऊही नये. नाहीतर मतं विकत घेणाऱ्यांचं फावेल. जर्मनीच्या घटना न्यायालयाने 3 मार्च 2009 रोजी, 2005 च्या संसदीय निवडणुकीत वापरलेली मतदान यंत्रं घटनेत न बसणारी ठरवली. घोटाळ्याचा पुरावा नव्हता, निकालही रद्द झाला नाही. मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत, एवढंच न्यायालयाचं म्हणणं होतं.

मग सगळी मतं हातानेच मोजायची का? बहुतेक वेळा गरज पडत नाही. मतदाराने स्वतः पाहिलेला मताचा कागद यंत्रणेने जपून ठेवला असेल, तर संख्याशास्त्र मदतीला येतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी मांडलेली पडताळणी ‘जाहीर निकाल चुकीचा असावा’ इथूनच सुरू होते. यदृच्छेने मतपत्रिका काढायच्या, हाताने वाचायच्या, आणि तो संशय टिकणं अशक्यप्राय होईपर्यंत काढत राहायच्या. संशय हटलाच नाही, तर पूर्ण मोजणी. चुकीचा निकाल तपासणीतून निसटण्याची शक्यता किती चालेल, हे आधीच ठरवलेलं असतं.

ही शक्यता 10 टक्के धरली आणि दोन उमेदवारांत 20 टक्क्यांचं अंतर असलं, तर साधारण शंभर-सव्वाशे मतपत्रिका पुरतात. अंतर 10 टक्क्यांचं असेल तर पाचशेच्या आसपास लागतात, 1 टक्क्याचं असेल तर चाळीस हजारांहून जास्त. अंतर निम्मं झालं की काम चौपट वाढतं. एकूण मतदार लाख आहेत की कोटी, याने फारसा फरक पडत नाही. त्यामुळे चुरस कितीही असो, ठरावीक टक्केच तपासायचे हा नियम मला अपुरा वाटतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोने 2017 मध्ये ही पद्धत राज्यभर वापरली. कोणत्या मतपत्रिका काढायच्या हे संगणक ठरवतो, पण त्याला लागणारा 20 आकडी अंक लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून काढतात. निवड आधीच ठरली होती, असं मग कोणाला म्हणता येत नाही.

2020 च्या अध्यक्षीय निवडणुकीत अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात अंतर जेमतेम पाव टक्का होतं, तेव्हा सुमारे 50 लाख मतपत्रिका हातांनी मोजाव्या लागल्या. विजेता तोच राहिला. संशय घेणारे सगळेच काही गप्प बसले नाहीत. पण त्या संशयाला उत्तर द्यायला आता माणसांनी डोळ्यांनी पाहिलेले कागद होते.