पत्र घेऊन येणाऱ्यास कामाला चिकटवणे

‘कव्हर लेटर’, म्हणजे नोकरीच्या अर्जासोबत जोडायचं पत्र, हा शब्द कोकणात ई-मेलबरोबर आला. नोकरीसाठी कागद खरडायची सवय मात्र त्याच्या कितीतरी आधीची, आणि ती दोन वाटांनी आलेली. दोन्ही वाटांवर उमेदवाराने स्वतःबद्दल तोंड उघडायचं नसे.

पहिली वाट चिठ्ठीची. मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ साली झाली. गिरण्या वाढत गेल्या तसा रत्नागिरी जिल्ह्यातला माणूस आगबोटीने मुंबई गाठू लागला (सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच होता, वेगळा झाला १९८१ ला). गिरणीत माणूस आत घ्यायचा की नाही हे जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ठरवी. गैरहजर माणसाच्या जागी काम मिळेल म्हणून पहाटे गेटवर उभ्या राहणाऱ्या बदली कामगारांचे अर्ज वाचायला त्याला ना वेळ होता ना गरज. त्यामुळे गाववाला किंवा खोलीतला कुणीतरी शब्द टाकी, आणि मालवण-वेंगुर्ल्याहून निघालेल्या पोराच्या खिशात चार ओळी असत: पत्र घेऊन येणारा आपल्या वाडीतला, अमक्याचा मुलगा, कुठेतरी चिकटवून घ्यावं. पोराला काय येतं याचा त्यात उल्लेखही नसे. लिहिणारा जामीन, एवढं पुरे. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांवर नियंत्रणाची योजना आणून जॉबरचे हात थोडे बांधले, पण शब्द टाकणं काही थांबलं नाही.

दुसरी वाट अर्जाची. हा शब्द अरबी, फारसीतून मराठीत रुळलेला, आणि त्याचा अर्थच विनंती. वडीलधाऱ्यांना ‘कृ. सा. न. वि. वि.’ (कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष) लिहिणाऱ्या भाषेला तो परका वाटला नाही. इंग्रजी अमदानीतल्या कचेऱ्यांनी त्यावर आपला साज चढवला. आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांनी कारकुनीसाठी केलेल्या अर्जाची हाताने उतरवलेली नक्कल आहे. सुरुवात ‘आय बेग टु स्टेट’, शेवट ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’. मधल्या सहा ओळींत तीन वेळा ‘काइंडली’. अक्षर मात्र मोत्यासारखं, आणि माझ्या मते त्या कागदातला खरा पुरावा तोच होता.

१९६४ च्या राजभाषा कायद्यानंतर सरकारी कारभार मराठीकडे वळला, तसं ‘वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की’ पक्कं झालं. खाली ‘आपला विश्वासू’ आणि ‘सोबत: सत्यप्रती’. त्या प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्यायला तालुक्याला दोन-दोन खेपा व्हायच्या. या अर्जाला हसण्यात अर्थ नाही. तो वाचणारा कारकून फक्त जन्मतारीख, शिक्षण, जात प्रमाणपत्र पडताळी. तिथे वेगळं काही लिहिणं म्हणजे अर्ज बाद व्हायची जोखीम. साचा वाचणाऱ्याला साजेसा होता.

मग वाचणाराच बदलला. १९८२ च्या गिरणी संपानंतर चिठ्ठीचा पत्ताच हरवत गेला. लोट्याच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने आले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, किनाऱ्यावर हॉटेलं उभी राहिली. इथला मॅनेजर अनेकदा बाहेरगावचा. त्याला वाडी ठाऊक नाही, बाप ठाऊक नाही. आपल्या कामाला हा माणूस का, एवढंच त्याला अर्ध्या पानात हवं असतं.

आणि नेमकं तेच आपल्याला लिहिता येत नाही. स्वतःची टिमकी वाजवू नये हे घरात शिकवलेलं, आणि शाळेच्या पत्रलेखनात ‘महोदय’ कुठे येतं याला गुण. माझ्या भाच्याने गेल्या वर्षी तारकर्लीच्या एका रिसॉर्टला पत्र लिहिलं: ‘मी कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू असून संधी दिल्यास सोनं करीन.’ याच मुलाने तीन उन्हाळे घरच्या होम-स्टेची बुकिंगं एकट्याने सांभाळलेली. वीज गेलेल्या रात्री अकरा पाहुण्यांना चुलीवरचं जेवू घालून शांत केलेलं. पत्रात त्यातलं अक्षर नाही. विचारलं तर म्हणाला, ‘ते घरचं काम, ते काय लिहायचं?’

शेवटी पहिलं वाक्य खोडून त्याने ते तीन उन्हाळे वर घेतले, आणि रिसॉर्टच्या पावसाळी पॅकेजबद्दल एक ओळ घातली. माझ्या बहिणीने ते मोबाइलवर दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘पत्र बरा झाला हा. पण थंय कोणाक सांगान ठेवलंस काय?’